झाडून ठेवलेले रिकामे घर

शास्त्रपाठ : मत्तय १२:४३-४५, गणना १४:१-४, शास्ते २:६-१०



अशुद्ध आत्म्याच्या परत येण्याविषयी प्रभू येशूने जे सांगितले आहे, त्यावर आपल्या मंडळ्यांतून क्वचितच प्रवचन होते. मनुष्यातून निघालेला तो आत्मा निर्जल प्रदेशात हिंडतो, त्याला कोठेही विसावा मिळत नाही, म्हणून तो आपल्या पूर्वीच्या घराकडे वळतो. ते घर त्याला झाडलेले, नीटनेटके मांडलेले आणि रिकामे आढळते. मग तो एकटा आत शिरत नाही. स्वतःहून वाईट असे सात सोबती घेऊन येतो, आणि त्या मनुष्याची अखेरची स्थिती पहिल्या स्थितीहून शोचनीय होते. हे बोलणे संपवताना प्रभूने एक विधान जोडले आहे, पण आपण ते सहसा वाचून पुढे जातो. त्या दुष्ट पिढीची गतही तशीच होईल, असा त्याचा आशय आहे. म्हणजे ही गोष्ट एकट्या मनुष्याच्या आत्म्यापुरती नाही. ती एका पिढीची, एका लोकसमुदायाची गोष्ट आहे.

घर झाडणे हे एक काम आहे आणि घर भरणे हे दुसरे. पहिले काम झाले म्हणजे दुसरे आपोआप होते, असे मानण्यात मोठा धोका आहे. हे सत्य समजून घेण्यासाठी आपण एका देशाच्या अलीकडच्या इतिहासाकडे पाहू. तो देश आपल्याच आशिया खंडातील आहे आणि तेथील बहुसंख्य लोक ख्रिस्ताचे नाव घेणारे आहेत. त्यांच्या विजयाने आपल्याला आनंद झाला पाहिजे, आणि त्यांच्या उणिवेने आपणही सावध झाले पाहिजे.

वीस वर्षांचे राज्य

फर्डिनांड मार्कोस हे १९६५ च्या निवडणुकीत फिलिपाईन्सचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. १९६९ मध्ये ते पुन्हा निवडून आले. त्या वेळच्या राज्यघटनेप्रमाणे कोणाही राष्ट्राध्यक्षाला सलग आठ वर्षांहून अधिक काळ पदावर राहता येत नव्हते. म्हणून १९७३ च्या अखेरीस त्यांना पायउतार व्हावे लागले असते. परंतु सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी साम्यवादी बंडाचे कारण पुढे करून देशात लष्करी कायदा पुकारला. संसदेला कुलूप लागले. वृत्तपत्रे बंद झाली. विरोधी पक्षाचे नेते, पत्रकार, विद्यार्थी व कामगार पुढारी यांना रातोरात घरातून उचलून तुरुंगात टाकण्यात आले. हा कायदा जानेवारी १९८१ मध्ये कागदोपत्री मागे घेतला गेला, पण सत्तेची मूठ सैल झाली नाही.

त्या राजवटीच्या छळाचे बळी म्हणून शासनाने पुढे ज्यांना अधिकृत मान्यता दिली, त्यांचीच संख्या ११,१०३ आहे. ज्यांची नोंद झालीच नाही, ते या संख्येच्या बाहेर आहेत. राष्ट्राध्यक्षांच्या निकटवर्तीयांना उद्योगांचे मक्ते मिळाले. नारळ पिकवणाऱ्या गरीब शेतकऱ्यांवर एक पट्टी बसवण्यात आली. ती त्यांच्याच भल्यासाठी असल्याचे सांगितले गेले, पण त्या पैशातून बँक व कंपन्यांचे भाग विकत घेतले गेले आणि त्यांवर सत्तेच्या जवळची माणसे बसली. इस्राएल लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेलाने त्यांना काय बजावले होते, ते १ शमुवेल ८ व्या अध्यायात वाचा. राजा तुमचे पुत्र घेईल, शेते घेईल, पिकाचा दशांश घेईल आणि आपल्या सेवकांना देईल. शमुवेलाच्या त्या इशाऱ्यात ‘घेईल’ हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते. कोणत्याही युगातील हुकूमशहाचे वर्णन करावयास तेवढे एक क्रियापद पुरेसे आहे.

ज्यांना तुरुंगात टाकले गेले त्यांत सिनेटर बेनिग्नो अ‍ॅक्विनो हे एक होते. सात वर्षांहून अधिक काळ ते बंदिवासात राहिले. लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंडही सुनावला होता. एकांतवासातील दुःखात आपल्याला ख्रिस्त नव्याने भेटला, अशी साक्ष त्यांनी आपल्या पत्रांतून दिली आहे. हृदयविकारामुळे १९८० मध्ये त्यांना उपचारासाठी अमेरिकेस जाऊ देण्यात आले. तेथे ते सुखरूप राहू शकले असते. परंतु २१ ऑगस्ट १९८३ रोजी ते मायदेशी परतले आणि मनिलाच्या विमानतळावर विमानातून उतरताच त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांच्या अंत्ययात्रेला लाखो लोक लोटले. भीतीने मिटलेली तोंडे त्या दिवशी उघडली.

चार दिवस

वाढत्या दडपणामुळे मार्कोस यांनी मुदतीपूर्वी निवडणूक जाहीर केली. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी मतदान झाले. त्यांच्यासमोर अ‍ॅक्विनो यांच्या पत्नी कोराझोन उभ्या होत्या. मतमोजणीत उघड लबाडी झाली. सरकारी मोजणी केंद्रात संगणकावर काम करणारे तीसहून अधिक कर्मचारी, ज्यांत स्त्रियाही होत्या, ९ फेब्रुवारीच्या रात्री आपली जागा सोडून उठले आणि बाहेर पडले. आपण यंत्रात भरलेले आकडे आणि फलकावर लोकांना दाखवले जाणारे आकडे जुळत नाहीत, हे त्यांना दिसले होते. त्यांनी एका चर्चमध्ये आश्रय घेतला. वाचकहो, या प्रसंगी थोडे थांबा. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते आणि त्यांनी भाषणेही ठोकली नाहीत. खोटा आकडा आपल्या हातून पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढेच त्यांनी ठरवले. नोकरी, पगार आणि कदाचित प्राण, हे सर्व त्यांनी त्या एका नकारासाठी पणास लावले.

२२ फेब्रुवारी रोजी संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले आणि लष्करातील वरिष्ठ अधिकारी फिडेल रामोस यांनी मार्कोस यांची साथ सोडली व मनिलातील दोन लष्करी छावण्यांत ठाण मांडले. त्यांच्याजवळ सैन्य अगदी थोडे होते. त्या रात्री मनिलाचे महाधर्मगुरू कार्डिनल हायमे सिन यांनी कॅथलिक नभोवाणी केंद्र रेडिओ व्हेरितासवरून लोकांना आवाहन केले की, बाहेर पडा, त्या छावण्यांभोवती उभे राहा, तेथील लोकांना अन्न द्या. मठवासी धर्मभगिनींना त्यांनी उपवास व प्रार्थना करण्यास सांगितले.

आणि लोक आले. एड्सा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या रुंद महामार्गावर लाखो माणसे जमली. आयांनी भाताचे डबे आणले. कोणी जपमाळ आणली, कोणी फुले आणली. २३ तारखेला रणगाडे व चिलखती गाड्या चालून आल्या तेव्हा धर्मभगिनी, धर्मगुरू आणि सामान्य माणसे त्यांच्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना करू लागली. लोकांनी सैनिकांना पाणी देऊ केले, त्यांच्याशी आपल्या मुलाशी बोलावे तसे ते बोलले. रणगाडे थांबले आणि माघारी वळले. दुसऱ्या दिवशी हल्ल्यासाठी पाठवलेली हेलिकॉप्टरे छावणीत उतरली आणि त्यांतील सैनिक लोकांना येऊन मिळाले. २५ फेब्रुवारीच्या सकाळी कोराझोन अ‍ॅक्विनो यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी मार्कोस यांनीही आपल्या राजवाड्यात शपथविधी उरकला, पण रात्र पडताच ते कुटुंबासह अमेरिकी हेलिकॉप्टरमधून निघून गेले. वीस वर्षांचे सिंहासन चार दिवसांत, जवळजवळ रक्तपाताविना, रिकामे झाले. राजवाड्यात मागे राहिले ते इमेल्डा मार्कोस यांच्या पादत्राणांचे हजाराहून अधिक जोड.

मरीयेच्या स्तोत्रात देव बलवानांना आसनांवरून खाली ओढतो, असे जे गायिले आहे, त्याचा अर्थ आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिला. त्याबद्दल देवाची स्तुती करण्यास आपण संकोचू नये.

चार दिवसांमागची बारा वर्षे

तथापि, हा चमत्कार चार दिवसांत झाला, असे म्हणणे अपुरे होईल. रणगाड्यांपुढे धर्मभगिनी गुडघे टेकून बसल्या, कारण त्यांच्यापैकी कित्येकींना तुरुंगाची दारे पूर्वीपासून ठाऊक होती. फिलिपाईन्समधील धर्मसंघांच्या प्रमुखांनी १९७४ मध्येच राजकीय कैद्यांसाठी एक सेवामंडळ स्थापन केले होते. या मंडळाच्या भगिनी वर्षानुवर्षे तुरुंगांच्या फाटकांशी ताटकळत उभ्या राहिल्या, कैद्यांची नावे त्यांनी लिहून घेतली, छळाच्या खुणा नोंदवल्या, बेपत्ता झालेल्यांच्या मातांना धीर दिला. त्या काळात कॅथलिक धर्माध्यक्षांपैकी पुष्कळांचे धोरण सावध होते. सरकारशी सहकार्य करावे आणि जेथे चुकते तेथे टीका करावी, अशी त्यांची भूमिका होती. खुद्द कार्डिनल सिन यांनीही आरंभी हाच मार्ग धरला होता. म्हणजे ख्रिस्तसभेचा आवाज नभोवाणीवरून दुमदुमण्याच्या बारा वर्षे आधी तो तुरुंगाच्या दाराशी हळू आवाजात बोलत होता.

आणखी एक गोष्ट. १९८४ मध्ये ऑस्ट्रियाच्या हिल्डेगार्ड गॉस-मायर व त्यांचे फ्रेंच पती ज्याँ गॉस फिलिपाईन्समध्ये आले. शुभवर्तमानातील अहिंसेचे शिक्षण त्यांनी ठिकठिकाणच्या शिबिरांतून दिले. तेथे जमलेल्या लोकांच्या मनात अर्थातच मार्कोस होते. परंतु या बाईंनी त्यांना निराळ्याच ठिकाणी पाहावयास लावले. हिंसेचे बीज हुकूमशहात आहे हे खरे, पण ते आपल्यात नाही काय, असे त्यांनी विचारले. आपापल्या अंतःकरणात बसलेला हुकूमशहा उपटून टाकल्याशिवाय काहीही बदलणार नाही, अशी त्यांची शिकवण होती.

प्रियजनहो, या शिकवणीचे एक फळ एड्सावर दिसले. एन्रिले हे लष्करी कायद्याच्या काळातही संरक्षणमंत्री होते. ज्यांना त्यांच्या खात्याने तुरुंगात डांबले होते, त्यांचे आप्तसोयरेच त्या रात्री त्यांच्या छावणीभोवती आपल्या देहांची भिंत करून उभे राहिले. वैऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा ज्यांनी केवळ पाठ केली आहे, त्यांच्याकडून असे घडत नाही.

अधिकाऱ्यांच्या अधीन असणे

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायात प्रेषित पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहावयास सांगतो. मग ख्रिस्ती माणसांनी राज्यकर्त्यापुढे असे उभे राहणे योग्य होते काय?

पौलाच्या त्या शिकवणीत एक अट दडलेली आहे. अधिकारी हा देवाचा सेवक आहे व तो आपल्या हितासाठी आहे, असे तो सांगतो. सेवक म्हटले की धनी आला, आणि धनी आला की हिशेब आला. ज्या प्रेषितांनी अधीनतेचे शिक्षण दिले, त्यांनीच प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये न्यायसभेला सांगितले की, मनुष्यांच्या आज्ञेपेक्षा देवाची आज्ञा त्यांना श्रेष्ठ आहे. त्यांनी न्यायसभेवर दगड फेकले नाहीत. फटके खाल्ले आणि शिकवीत राहिले. फिलिपाईन्सच्या धर्माध्यक्षांनी फेब्रुवारी १९८६ च्या मध्यास जे पत्र प्रसृत केले, त्यात त्यांनी हाच समतोल राखला. लबाडीने मिळवलेल्या सत्तेला नैतिक आधार नसतो, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. आणि अन्याय दूर करण्याचा मार्ग मात्र अहिंसेचाच असावा, असेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. अधीनता म्हणजे गप्प बसणे नव्हे, आणि प्रतिकार म्हणजे द्वेष नव्हे. ख्रिस्ती मनुष्याला या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेने जावे लागते.

घर रिकामे राहिले

येथपर्यंतची कथा आपण आनंदाने सांगतो. पुढची कथा आपण सहसा सांगत नाही, आणि प्रभूच्या दृष्टांताचा रोख नेमका त्या पुढच्या कथेवर आहे.

नव्या राष्ट्राध्यक्षांनी पुष्कळ चांगले केले. तुरुंगांची दारे उघडली. १९८७ मध्ये नवी राज्यघटना आली आणि राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत ठरली. स्वतः कोराझोन अ‍ॅक्विनो १९९२ मध्ये मुदत संपताच शांतपणे पायउतार झाल्या. सत्तेचा मोह ज्या देशाने इतका सोसला, तेथे ही साक्ष लहान नव्हती. परंतु जमिनीचा प्रश्न तसाच राहिला. २२ जानेवारी १९८७ रोजी, एड्साला एक वर्षही झाले नव्हते, तेव्हा जमीन मागत राजवाड्याकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर मेंदिओला पुलाजवळ गोळीबार झाला आणि किमान बारा शेतकरी मारले गेले. १९८८ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला. त्यात जमिनीऐवजी कंपनीचे भाग देण्याची एक पळवाट राहिली आणि राष्ट्राध्यक्षांच्या स्वतःच्या माहेरच्या विस्तीर्ण ऊसमळ्याला तिचाच आधार मिळाला. त्या मळ्याची जमीन कसणाऱ्यांना वाटून द्यावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम आदेश येण्यास २०१२ साल उजाडले. रणगाड्यापुढे गुडघे टेकणे कठीण खरे. पण आपल्याच घरची जमीन सोडणे त्याहूनही कठीण ठरले.

छळ सोसलेल्यांचे काय झाले? त्यांची दखल घेऊन भरपाई देणारा कायदा २०१३ मध्ये झाला, म्हणजे एड्सानंतर सत्तावीस वर्षांनी. तोवर कित्येक जण वाट पाहत मातीआड गेले होते. मार्कोस १९८९ मध्ये हवाई बेटावर वारले. त्यांचे कुटुंब १९९१ पासून मायदेशी परतू लागले व निवडून येऊ लागले. नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्कोस यांचा देह वीरांसाठी राखलेल्या राष्ट्रीय स्मशानभूमीत पुरला गेला. आणि मे २०२२ मध्ये त्यांचे पुत्र, जे वडिलांचेच नाव धारण करतात, ते तीन कोटी दहा लाखांहून अधिक मतांनी त्याच राष्ट्राध्यक्षपदावर निवडून आले.

प्रियजनहो, येथे आपली जीभ आवरली पाहिजे. मतदान करणे हा त्या लोकांचा हक्क होता आणि पुत्राचा न्याय पित्याच्या पापावरून करू नये, असे यहेज्केल १८ व्या अध्यायात देवाने आपल्याला शिकवले आहे. म्हणून दृष्टांतातील सात आत्म्यांची उपमा आपण कोणत्याही मनुष्याला लावणार नाही. आपला प्रश्न आपण घराविषयी विचारू या. छत्तीस वर्षे ते घर कशाने भरले गेले?

मिसर देशातून इस्राएल एका रात्रीत बाहेर पडले. पण गणना ११ व्या अध्यायात ते काकड्या, खरबुजे, कांदे व लसूण यांच्या आठवणीने रडताना दिसतात. भाजीची आठवण राहिली आणि विटांच्या भट्टीची विसरली. १४ व्या अध्यायात तर आपण एक पुढारी नेमून मिसरला परत जाऊ, असे ते उघडपणे म्हणू लागले. ते मूर्ख होते म्हणून असे बोलले, असे समजू नका. ते उपाशी होते, घाबरलेले होते आणि जे वचन त्यांना मिळाले होते ते अजून हाती लागले नव्हते. स्वातंत्र्याने ज्याची भाकर वाढवली नाही, त्याला गुलामगिरीतील भाकरीची आठवण येते. आणि शास्ते २:१० मध्ये दुसरे कारण दिले आहे. यहोशवाच्या बरोबरीची पिढी गेली, आणि तिच्यामागून जी पिढी उठली, तिला परमेश्वर ठाऊक नव्हता आणि त्याने केलेले कार्यही ठाऊक नव्हते. बापांनी मुलांना सांगितले नाही. ज्यांनी लष्करी कायदा भोगला त्यांतील पुष्कळांनी मौन पत्करले, शाळेच्या पुस्तकांत त्याला थोडीच जागा मिळाली, आणि ती रिकामी जागा इतरांनी आपापल्या कथांनी भरून काढली. तो काळ सुवर्णयुग होता, असे तरुणांना सांगणारे पुष्कळ निघाले.

घर झाडले गेले होते. सुशोभितही झाले होते. त्या रस्त्याच्या कडेला आज मरीयेची भव्य मूर्ती असलेले मंदिर उभे आहे. परंतु न्यायाने आणि स्मरणाने ते भरले गेले नाही.

आपले घर

आता, वाचकहो, दूरच्या देशाकडे बोट दाखवून आपण सुटणार नाही. तुम्ही इंदूरला असा, हैदराबादला असा की अहिल्यानगरच्या एखाद्या खेड्यात असा, हा दृष्टांत तुमच्या दारापर्यंत येतो.

सत्तेची लहानशी खुर्ची आपल्यातील प्रत्येकाजवळ आहे. कोणी घराचा कर्ता आहे. त्याच्या पावलांची चाहूल लागताच मुले बोलायची थांबतात आणि त्याला तो आदर समजतो. कोणी मंडळीच्या कमिटीत वर्षामागून वर्षे बसला आहे. आपल्यावाचून काम चालणार नाही, असे त्याला खरोखर वाटते. कोणी संस्थेच्या शाळेत नेमणुका करतो आणि गरजू माणसाची लाचारी त्याला गोड वाटते. कोणी पाळक आहे. व्यासपीठावरून बोललेल्या शब्दाला उत्तर मिळत नाही, याची त्याला सवय झाली आहे. आणि आपल्यातील बहुतेक जण खुर्चीवर बसलेले नाहीत; आपण समोर बसलेले आहोत. वार्षिक सभेत हिशेब भराभर वाचला जातो, मंडळीच्या जमिनीचा विषय कागदाच्या शेवटच्या ओळीत येतो, आकडे जुळत नाहीत हे आपल्याला दिसते, आणि आपण हात वर करून मान्यता देतो. का? उगाच वाईटपणा कशाला घ्या, म्हणून. मनिलातील त्या संगणक कर्मचाऱ्यांना आठवा. त्यांच्यासमोर राष्ट्राध्यक्षाचे सैन्य होते. आपल्यासमोर फक्त ओळखीच्या माणसांची नाराजी असते.

कधी कधी आपणही घर झाडतो. जुनी कमिटी निवडणुकीत पडते, पेढे वाटले जातात, उपकारस्तुतीची सभा होते. दोन वर्षांनी पाहावे तो नव्या माणसांनी जुन्याच कपाटाच्या किल्ल्या तशाच कमरेला लावलेल्या असतात. माणसे बदलली, पण त्या खुर्चीविषयीची आपली कल्पना बदलली नाही. आपल्यावर झालेल्या अन्यायाचा आपल्याला राग होता, पण अन्यायाचा राग नव्हता. तो आपल्या बाजूने होऊ लागला की आपण शांत झालो.

घर कशाने भरावे

मग घर भरावयाचे कशाने? मत्तय २०:२५-२८ मध्ये प्रभूने शिष्यांना परराष्ट्रीयांच्या अधिपतींचे उदाहरण दिले आणि तुमच्यामध्ये तसे नसावे, असे बजावले. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे, कारण मनुष्याचा पुत्र सेवा घेण्यास आला नाही, सेवा करण्यास आणि आपला प्राण देण्यास आला. शमुवेलाने सांगितलेला राजा घेत जातो. आपला राजा देत जातो. ज्या घरात हा राजा राहावयास येतो, त्या घराला रिकामे म्हणता येणार नाही आणि जुन्या धन्याला तेथे शिरकाव मिळणार नाही. शुभवर्तमानाचा उपाय हाच आहे. वाईटाला हाकलणे पुरेसे नाही. चांगल्याला राहावयास बोलवावे लागते.

ते बोलावणे कसे करावे, याविषयी तीन साध्या गोष्टी सांगून मी थांबतो.

पहिली, स्मरण. तुमच्या घराण्यात विश्वासासाठी कोणी काय सोसले, गावकुसाबाहेरचे जिणे कोणी भोगले, कोणी अक्षर शिकवले, कोणासमोर मान वाकवावी लागत होती आणि ती कशी ताठ झाली, हे मुलांना सांगा. अनुवाद ६ व्या अध्यायात घरी बसताना व वाटेने चालताना मुलांना शिकवण्याची जी आज्ञा आहे, तिच्याच शेवटी आम्ही मिसरात दास होतो, ही आठवण सांगावयास लावली आहे. ज्या मुलाला आपल्या आजोबांचे दास्य ठाऊक नाही, तो दुसऱ्याचे दास्य ओळखणार नाही.

दुसरी, न्याय. ज्याचे घेतले त्याचे परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही. जक्कयाने प्रभूचे आपल्या घरी आनंदाने स्वागत केले तेव्हा हिशेबही केला, आणि घेतलेल्याच्या चौपट देण्याचे ठरवले. आपल्या घरात, दुकानात, मंडळीत ज्याचे काही अडकवून ठेवले आहे, ते सणापूर्वी मोकळे करा.

तिसरी, सोडून देणे. आपल्याजवळची खुर्ची कोणती, हे प्रत्येकाने देवापुढे शोधावे आणि ती कधी व कोणाला द्यावयाची, याचाही विचार आजच करावा. ज्याला खुर्चीवरून उठता येते, त्यानेच खुर्चीवर बसावे.

अत्याचारी सिंहासने देव आजही उलथून टाकतो. इतिहासाची पाने त्याची साक्ष देतात आणि पीडितांनी या आशेवर आपले मस्तक उंच ठेवावे. परंतु सिंहासन पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देव आपल्याकडे पाहतो आणि विचारतो, ही रिकामी जागा तू कोणाला देणार? ते उत्तर एकदाच देऊन भागत नाही. ते रोज सकाळी, जेवणाच्या पाटावर, सभेच्या चटईवर, मुलाशी बोलताना आणि हिशेबावर सही करताना द्यावे लागते.

हे प्रभू येशू, तू राजा असून दासाचे रूप घेतलेस. आमच्या अंतःकरणात जो लपून राज्य करतो आहे त्याला तू ओळखतोस. त्याला बाहेर काढ, आणि बाहेर काढून आमचे घर रिकामे सोडू नकोस. तू स्वतः आत ये आणि राहा. दडपलेल्यांना धीर दे, राज्य करणाऱ्यांना तुझे भय दे आणि आमच्या लेकरांना सत्य सांगण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.